मथुरापुढची मोकळी जागा

२५ ऑक्टोबर, शनिवार

परत तेच! मच्छीमार सोसायटीच्या वेबसाइटवरचं पान खोटं बोलतंय. काम त्याचं एवढंसं — होडीचं नाव टाकायचं, ते सांगतं आली का, आणि कुठल्या बंदरात. वादळाचा बावटा लागल्यापासून सगळ्या मच्छीमारांच्या बायका मोबाइलवर तेच उघडून बसल्यात. आणि आज सेक्रेटरी हरिश्चंद्रशेट माझ्या टेबलावर हात आपटून — "योगिनी, माझी होडी मालवणला आहे, मी आत्ता तांडेलाशी बोललो. तुझं पान म्हणतंय इथे धक्क्याला आली! सुनेनं टेम्पो धाडला ना धक्क्यावर!"

माझं पान? ते पर्लमध्ये लिहून ठेवणारा प्रोग्रामर पुण्याला पळाला, आणि निस्तरायचं मी!

घरी आले तर अक्षयावहिनी हसत दारात. "मथुरा जयगडला लागली, बघ." मथुरा म्हणजे आमची होडी, आजीच्या नावाची. माझा भाऊ दादू तिचा तांडेल, होडी त्याच्याच हुकमावर चालते. भाऊबीजेलापण समुद्रातच होता. जाताना म्हणाला, "आल्यावर ओवाळ गो, पळून नाय चाललो." आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. मलाही हुश्श झालं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पानामागची स्क्रिप्ट लॅपटॉपवर चालवली — बिनचूक. कितीही वेळा चालवा, बरोबर! सर्व्हरवर चढवली की अंगात येतं. रिफ्रेश केलं की उत्तर बदलतं. सर्व्हर बंद करून चालू केला की थोडा वेळ शहाणी, मग ये रे माझ्या मागल्या.

मीपण मथुरा टाकून बघितली. मला दिसलं "नोंद नाही". वहिनीच्या मोबाइलवर "आली, जयगड". घ्या! आमच्या घरातसुद्धा तेच भूत! वहिनीला म्हटलं, माझ्या मोबाइलकडे बघू नकोस, बिघाड आहे.

"मग ते फोन का करत नाहीत?"

म्हटलं, दादूचा फोन दर खेपेला भिजतो.

"आणि तिन्ही खलाशांचे?"

चिडले मी तिच्यावर. इथे काय चाललंय आणि हिचं काय! आता वाईट वाटतंय. पण उठून सांगवत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

एरर लॉग वाचून डोळे फुटायची वेळ आली. एका जागी बसवत नाही.

२७, दुपार

सापडलं!! लॅपटॉपवर स्क्रिप्ट दर वेळी नव्यानं सुरू होते. सर्व्हर तसं करत नाही — तो तिला एकदा पोटात घेतो आणि जिवंतच ठेवतो, तिच्या तीनचार प्रती करून. उत्तर ठेवायचं व्हेरिएबल कोणी रिकामं करतच नाही! मग एखाद्या होडीपुढे काही लिहिलेलंच नसेल, तर आधी विचारलेल्या होडीचं उत्तर तिथे पडून असतं, तेच पुढे. कालवणाचं पातेलं न विसळता त्यातच चहा. ज्याच्या वाट्याला जे पातेलं येईल तसा त्याचा चहा.

एक ओळ घातली — आधी रिकामं कर. सर्व्हर परत चालू केला. हरिश्चंद्रशेटची होडी टाकली. नोंद नाही. बरोबर, मालवणचं अजून कोणी लिहिलेलंच नाही! नाचायचीच बाकी होते.

मग मथुरा टाकली.

नोंद नाही. परत टाकली. नोंद नाही. वहिनीला फोन करून बघायला सांगितलं. तिच्याकडेही नोंद नाही.

रविवारी मला दिसलं तेच खरं होतं! आणि मी त्यालाच बिघाड म्हटलं.

२७, संध्याकाळ

धावत धक्क्यावर गेले. नोंदी भिकाजीकाका करतात. विचारलं, मथुरा जयगडला कधी लागली?

"जयगडला? मला तर कुनी सांगितलं नाय."

"मग 'नाही आली' असं का नाही घातलंत?"

काका बघतच राहिले माझ्याकडे. "अगो, दर्यात असलेल्या होडीफुडं असं लिवतात काय? जागा मोकळी सोडायची. माझा बापूसपन तसाच करायचा."

मला काय माहीत नाही? आमच्या घरातसुद्धा हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही. पण पान बघून सगळे निर्धास्त राहिले, शोधा म्हणून कोणी कोणाला सांगितलंच नाही. मोकळी जागा बघून कोण बाहेर पडणार?

काकांच्या खुर्चीत बसले आणि मथुरापुढे घातलं — नाही आली. हरिश्चंद्रशेटनी ते वाचलं आणि तिथूनच कोस्टगार्डला फोन लावला. काका उठून बाहेर गेले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आईनं देवापुढची साखर उचलून टाकली. "सख्ख्या भावाच्या होडीपुढे, आपल्या हातानं?" एवढंच म्हणाली. वहिनी मात्र येऊन शेजारी बसली. मी सारखं पान रिफ्रेश करतेय. मूर्ख! लिहिलंय मीच, आपोआप कसं बदलेल?

२९ ऑक्टोबर, बुधवार

मथुरा आली. दुसऱ्या लाँचनं ओढून आणली. तिन्ही खलाशी उतरले. दादू नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत होता, म्हणतात.

काका विचारत होते, पानावर काय घालू. पान होडीचंच विचारतं. म्हटलं, आली घाला.