तुरटीला आलेले नाक

ती. विमलाताईस मुळगावच्या (सध्या मुक्काम वॉर्डाबाहेरचा बाक) रघुनाथचा साष्टांग नमस्कार. हरमलला तू आणि भावोजी खुशाल आहात असे मीच ठरवून टाकले आहे, कारण फोन तू उचलत नाहीस. सुलोचनाने तुला जे ऐकवले त्यानंतर मीही उचलला नसता.

झाले ते असे. चतुर्थीला तू "कितलो उंच जालो गे आमचो निहार" म्हणून गेलीस आणि आठवड्यातच पोराला ताप, डोकेदुखी, उलट्या. दिवसभर झोप, उजेड नको, विचारले तर उत्तर नाही. (चौदा वर्षांचा मुलगा ताप नसतानाही असाच असतो, म्हणून आम्ही निर्धास्त.) मग त्याने शर्ट पायांत घालायला घेतला आणि मला "सर" म्हणाला. जन्मात मला कोणी सर म्हटले ते असे, भ्रमात. सुलोचनाने दृष्ट काढायला तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाकली (ज्याची दृष्ट लागली त्याचा चेहरा तिच्यात उमटतो म्हणे), ती फुगली आणि तिला नाक आले. नाक तुझे. खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटले. (माझेही नाक तेच, पण माझ्यावर कोणी संशय घेतला नाही.) लगेच तुला तो फोन गेला, आणि आम्ही मीठ-मिरच्या ओवाळत बसलो. शेवटी त्याला झटका आला तेव्हा गाडी काढली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वायरसने मेंदूला सूज आली आहे. तापात मुलगा वेगळे वागू लागला की त्याच घटकेला आणायचे असते. त्यांनी पाठीतून पाणी तपासायला काढले आणि रिपोर्टची वाट न बघता सलाईनमधून औषध सुरू केले. घरी काय उपचार केले, विचारले. मी तुरटी म्हटले. त्यांनी तेही केसपेपरवर लिहून घेतले.

आता ताप उतरला आहे, पण तो आम्हाला ओळखत नाही. किती सुधारेल, आज कोणीच सांगू शकत नाही. आईला नर्स समजतो आणि पाणी दिले की थँक्यू म्हणतो. घरी कधी म्हटले नाही. ती बाहेर जाऊन रडते. ताई, मी पार खचलो आहे.

तुझा,
रघुनाथ

ता. क. काल त्याने आपणहून एकच विचारले, तेही तुझ्याबद्दल: "आते खंय आसा?"

ता. क. आणखी एक. हे सुलोचना सांगते आहे, मी फक्त लिहितो: वन्सं, या. मला काय हवे ते बोला, पण त्याला परत तसेच डोळे भरून बघा. दिश्ट लागली तर लागूं दी.