जप्त मालातील ‘बाबा’ लिहिलेली जर्सी नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. जप्तमाल अधिकारी,
बनावट माल प्रतिबंध कार्यालय, तळमजला.

विषय : फुटबॉल क्लबच्या बनावट जर्सी नष्ट करताना त्यांतील एक वगळण्याबाबत व माझ्या जबाबात दुरुस्ती करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझाच तक्रार अर्ज. २) आपल्या गोदामात मी दिलेला जबाब.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी आमच्या क्लबात खेळाडूंचे कपडे सांभाळतो. धुणे, उसवलेले शिवणे, सामन्याआधी जर्सी ज्याच्या त्याच्या खुंटीला लावणे ही माझी कामे. खेळाडू मला मामा म्हणतात. बनावट जर्सींविरुद्ध तक्रार मीच केली होती आणि ती मागे घेण्याचा माझा विचार नाही, हे आधीच नमूद करतो.

१. आमची प्रायोजक रंग बनवणारी कंपनी होती. छातीवर त्यांचे नाव, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक जर्सीमागे क्लबला वाटा. मैदानाच्या दाराबाहेर तशीच जर्सी निम्म्या किमतीत मिळू लागली, तेव्हा आमच्या दुकानाकडे काळं कुत्रंही फिरकेना. त्यात त्या बनावट जर्सीचा रंग पहिल्याच धुण्यात जाई. लोक गुलाबी झालेले पांढरे कपडे घेऊन थेट कंपनीच्या दुकानात जात आणि विचारत, “तुमचा रंग कापडावर टिकत नाही, भिंतीवर काय टिकणार?” कंपनीच्या साहेबांनी हे बैठकीत आम्हाला ऐकवले. त्यांचे तरी काय चुकले? पुढचा करार त्यांनी केला नाही.

२. पैसा आटल्यावर क्लबने पहिल्यांदा मुलींचा संघ बंद केला. माझी मुलगी त्या संघाची गोलरक्षक होती. तिची जर्सी पहिल्या क्रमांकाची. करारानुसार सर्व जर्सी कंपनीचे नाव उसवून परत करायच्या होत्या, आणि उसवणे माझ्याकडे. तिचीही मीच उसवली, घडी करून खोक्यात ठेवली. ती शेजारी स्टुलावर बसली होती. म्हणाली, “बाबा, जन्मभर आमचे कपडे धुतलेत, तुमच्या अंगावर कधी जर्सी नाही बघितली.” मी म्हटले, नियमात बसत नाही. कपडे धुणाऱ्याने ते घालायचे नसतात. त्यावर ती हसली होती.

३. नंतर ती दुचाकीवरून पार्सले पोचवण्याच्या कामाला लागली. त्याच कामावर असताना ट्रकने तिला उडवले. ती गेली. याबाबत आपल्या कार्यालयाकडे माझी काही तक्रार नाही.

४. त्यानंतर माझ्या अर्जावर कारवाई झाली. उशिरा झाली, तरी आभारी आहे. क्लबचा माणूस म्हणून माल ओळखायला मला गोदामात बोलावण्यात आले. आपल्या साहेबांनी एक जर्सी वर धरली. मोठ्या मापाची, क्रमांक एक, पाठीवर ‘बाबा’. या नावाचा खेळाडू तुमच्याकडे आहे काय, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. कोणीतरी थट्टा केलेली दिसते, असेही म्हणालो. जबाबावर सही केली आणि ती जर्सी माझ्या हाताने ढिगावर टाकली.

५. गेल्या आठवड्यात मैदानाच्या दाराबाहेर बनावट जर्सी विकणारी बाई माझ्या घरी आली. मी तिला आत घेतले नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “मामा, शिव्या घाला, पण ऐकून घ्या. तुमच्या मुलीनं एक जर्सी छापायला सांगितली होती. म्हणाली, नंबर माझा टाका, नाव नको, नुसतं बाबा लिहा. त्यांना मात्र कळू देऊ नका, लगेच तक्रार करतील. ती न्यायला येईल म्हणून मी वेगळी काढून ठेवली होती. तुमच्या माणसांनी तीपण नेली.”

मी दार लावून घेतले. तिला साधे पाणीही विचारले नाही, याचे आता वाईट वाटते.

६. तरी माझ्या जबाबात अशी दुरुस्ती व्हावी : या नावाचा खेळाडू आमच्या क्लबात नाही, हे बरोबर आहे. परंतु ते नाव माझे आहे, आणि त्या नावाने मला हाक मारणारी एकच होती.

७. जर्सी बनावट आहे, हे मला मान्य आहे. कंपनीचे नाव अंगावर मिरवण्याचा मला हक्क नाही. ते मी आपल्यासमोर काढून देईन, मला सवय आहे. रंग कच्चा आहे, हेही माहीत आहे. मी ती धुणार नाही. बाकीचा माल अवश्य नष्ट करावा. त्यानेच आमचे वाटोळे केले.

निर्णय होईपर्यंत ती जर्सी ढिगाखाली दबू देऊ नये, वर ठेवावी, एवढीच विनंती.

आपला नम्र,
(सही)
क्लबचा कपडेवाला व मूळ तक्रारदार
दिनांक : माल नष्ट करण्याचा आदला दिवस

सोबत : माझ्या छातीचे व खांद्याचे माप, पडताळणीसाठी.