पूर्वपक्ष

दुर्गाघाट, वाराणसी
३ डिसेंबर २०२५

प्रिय अवनीताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. आई बरी आहे, थंडीने गुडघे तेवढे धरलेत. तू पाठवलेलं मेतकूट पोचलं.

फोनवर मी "सगळं शांत झालंय" म्हणाले, ते खोटं नव्हतं. पण सगळं सांगितलंही नव्हतं.

आमच्या विद्यापीठातल्या क्लबचं तुला माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांसारखी सभा भरवतात, प्रत्येकाने एकेका देशातर्फे बोलायचं. या वेळी विषय सिंधूच्या पाण्याचा होता आणि पाकिस्तान कुणीच घेईना. आमचा सचिव विश्वजीत म्हणाला, "मुक्ता, तूच निभावशील." मी घेतला. पहिलं बक्षीसही मिळालं.

दुसऱ्याच दिवशी भाषणाचा एक तुकडा जो तो मोबाइलवर बघत होता. "आमचं पाणी अडवणं म्हणजे युद्ध पुकारणं." एवढंच. आधीचं "पाकिस्तानची प्रतिनिधी म्हणून" कापलेलं. खाली माझं नाव, बाबांचं नाव, घराचा पत्ता. विद्यापीठाने विचारलं, तेव्हा विश्वजीतने सांगितलं की देश मीच हट्टाने मागून घेतला. बाकीचे गप्प बसले.

बाबा पंचगंगा घाटावर सोलापूरच्या एका कुटुंबाचं श्राद्ध सांगत होते. कुठल्याशा संघटनेची पाच-सहा मुलं आली. "पंडितजी, बेटी से माफ़ी मँगवाइए."

बाबांनी त्यांना समजावलं. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात, समोरच्याची बाजू त्याच्याहूनही नीट मांडता यावी लागते, मुलीला हे मीच शिकवलंय. मग माफी कसली?

एकाने त्यांच्या थोबाडीत मारली. यजमानांसमोर. बाबा पायऱ्यांवरून खाली कोसळले.

"पाय घसरला" म्हणून तुला सांगितलं, ते हे.

उजव्या मनगटाला प्लास्टर घालून घरी आले आणि म्हणाले, "तू माफी मागायची नाहीस. काहीही झालं तरी."

ताई, मी मागितली. आई खिडक्या लावून बसायची. बाबा बाहेर गेले की परत येईपर्यंत मी दारातच उभी असायचे. शेवटी मी त्या मुलांच्या संघटनेच्या ऑफिसात गेले. त्यांनी मोबाइल समोर धरला आणि काय बोलायचं ते सांगितलं. "मैंने देश का अपमान किया. मेरे संस्कार ग़लत थे." आवाज हलला म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हटलं.

आता कुणी त्रास देत नाही. यजमान येऊ लागलेत. विश्वजीतचाही मेसेज आला, "अच्छा किया."

बाबांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. चिडत नाहीत. वाढलं की जेवतात. डाव्या हाताने पोथीची पानं सांभाळता येत नाहीत. मी मदतीला गेले की पोथी मिटून उठतात. त्यांना परत कुणी हात लावू नये, एवढंच माझ्या मनात होतं. हे सांगायला गेले, तर ऐकून न घेताच घाटाकडे निघून गेले.

तू ये. माझ्यासाठी त्यांच्याशी भांडू नकोस. नुसती त्यांच्यापाशी बस, तुझ्याशी ते बोलतील. मी स्वयंपाकघरात असेन. त्यांचा आवाज तरी कानावर पडेल.

तुझी, आणि अजून त्यांचीच,
मुक्ता