समोरून हूं आलं नाही तरी

बाई,

आज मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखती घ्यायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. सकाळी चहाबरोबर आम्हाला सूचना मिळाल्या: मान डोलवायची नाही, हसायचं नाही, 'छान', 'बरोबर' असलं काही म्हणायचं नाही. एकाकडे बघून हसलात आणि दुसऱ्याकडे बघून नाही, तर दुसऱ्यावर अन्याय होतो. पटण्यासारखंच होतं. दुपारी आमच्याच भागातली, विंझरकडची एक मुलगी आली. चांगली बोलत होती, आणि एका वाक्यानंतर एकदम थांबली. बाकीच्यांना वाटलं, विसरली. मला कळलं की ती विसरलेली नाही, वाट बघतेय. माझ्या तोंडून 'हूं' निघून गेलं. मी त्यांच्या ताटातला लाडू उचलल्यासारखं अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी मात्र लगेच पुढे बोलायला लागली. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

तुम्ही भोरच्या, तेही शाळेतल्या बाई. आमच्या वस्तीची ही खोड मला तुम्हाला समजावून सांगावी लागली होती. वेल्ह्याच्या वर आमची घरं विखुरलेली. गुरं-शेरडं एका उतारावर, माणसं दुसऱ्यावर. इकडून तिकडे निरोप द्यायचा तर तो तोडून तोडून द्यायचा. एक तुकडा ओरडायचा, पलीकडून 'ओ' आली की मगच पुढचा. माझे वडील बजावायचे, "ओ आल्याबिगर फुडचं बोलू नगं. अर्धं बोलनं वाऱ्यावर जातं आन् मानूस भलतंच करून बसतं." घरात चुलीपुढे बसूनही तेच. सांगणारा सांगतो, ऐकणारा वाक्यागणिक हूं म्हणतो. हूं आलं नाही, तर समोरच्यानं ऐकलं नाही. मग तेच पुन्हा सांगायचं, जरा मोठ्यानं. यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

आणि हेच घेऊन मी पहिल्या मुलाखतीला गेले. तेव्हाही लेखी परीक्षेनंतर काही कॉलेजं मुलाखत घ्यायची. घरच्यांना गुरं सोडून येता येईना, म्हणून तुम्ही माझ्याबरोबर आलात. अकरावी-बारावी मी तुमच्याच घरी राहून केली होती, तेव्हा ते कुणाला विशेष वाटलंही नाही. आत तीन साहेब. एसी असा की माझे दात वाजायला लागले. डॉक्टर का व्हायचंय, असं विचारलं. मराठीत बोललीस तरी चालेल, असंही म्हणाले. मी सांगितलं, आमच्या वस्तीवरनं बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणतात. मी थांबले. कुणी हूं म्हणेना. एक साहेब लिहीत होते, एक माझ्याकडे नुसते बघत होते, एक खिडकीबाहेर. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तरी हूं नाही. मग मी विचारलं, "साहेब, ऐकू येतंय न्हवं?"

"आम्हाला ऐकू येतं," लिहिणारे साहेब मान वर न करता म्हणाले. झालं. पुढचं सगळं तोंडातच विरघळलं. चुलती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही, झोळी वाटेतच उतरवावी लागली होती, तेव्हापासून मला डॉक्टर व्हायचं होतं, हे सांगायचंच राहिलं.

परतीच्या एसटीत, वाटेतलं शिवरे गाव आलं तेव्हा मी रडायला लागले. "म्या त्यांना आवडलेच न्हाई, बाई." मला वाटलं, तुम्ही पाठीवरून हात फिरवाल. तुम्ही खवळलात. "त्यांनी तसं सांगितलं?" न्हाई. "मग तुला कुणी सांगितलं?" त्यांच्या तोंडावरच दिसत हुतं. "बारावीपर्यंत शिकवलं तुला, चेहरे वाचायला मी कधी शिकवलं गं? जे येत नाही ते कशाला वाचायला जातेस?" अख्खी एसटी वळून बघत होती. मला इतका राग आला होता तुमचा! उतरून दुसऱ्या गाडीत बसावंसं वाटत होतं. पण तिकीट तुम्ही काढलेलं आणि पिशवीतल्या दशम्याही तुमच्याच.

दुसऱ्या कॉलेजचं बोलावणं त्याच आठवड्यात होतं. ती शेवटची संधी होती. नाहीतर घरी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात होणार होती आणि हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. तुमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. तुम्ही साहेब व्हायचं, मी उमेदवार. आधी तुम्ही पाटावर समोर बसलात आणि तुमच्यानं गप्प राहवेना. झोळीचं वाक्य आलं की तुमचे डोळे भरायचे आणि 'हं गं' निघून जायचं. "छे, असलं कुठं साहेब असतात का," म्हणून तुम्हीच उठलात. माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायला लागलात. आता सांग. मी तुमच्या पाठीला सांगतेय, तुम्ही पीठ मळताय, भाकरी उलटताय, नळ सोडताय. मी थांबले की तुम्हीही थांबायचात, पण एक अक्षर बोलायचा नाहीत. संध्याकाळी मी कंटाळून म्हटलं, "भिताडाशी बोलल्यागत वाटतंय." तुम्ही वळलात. हाताला पीठ तसंच. "तुला सांगायचंय की हूं पाहिजे, ते एकदा ठरव. हूं ही त्यांची वस्तू आहे, देतील नाहीतर नाही देणार. सांगणं तुझं आहे. ते पुरतं सांगायचं, तोंड मिटायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि त्यांना खुशाल गप्प बसू द्यायचं, मग उठून यायचं." मग तव्यावरची भाकरी करपल्याचं माझ्या माथी मारलंत.

निघताना तुम्ही तुमचा कॉफी रंगाचा स्वेटर दिलात. भर मे महिन्यात. "थंडीनं कापलीस तरी त्यांना वाटेल घाबरलीस, आणि मग तुलाही तसंच वाटायला लागेल." स्टॅंडवर लोक माझ्याकडे बघून हसत होते. आत मात्र त्या स्वेटरला तुमच्या घरचा वास येत होता, आणि बाई, खरं सांगते, त्याचा मला फार आधार वाटला.

तिथंही तीन माणसं होती, आणि पहिल्या तिघांपेक्षा थंड. एक तर उघड उघड खिडकीतून खाली बघत होते. मी झोळी सांगितली. हूं नाही. जीभ अडखळली, मागच्या वाक्याकडे वळायला लागली. तिला तशीच पुढे रेटली. चुलती सांगितली, वाटेत उतरवलेली झोळी सांगितली. मग तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले. कुणीच काही बोललं नाही. आता बोलायची पाळी त्यांची होती, म्हणून मी मागचं वाक्य पुन्हा म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं एक जण म्हणाले, "या तुम्ही."

बाहेर तुम्ही विचारलंत, "कसं झालं?" मी म्हटलं, "म्हाईत न्हाई." इतक्या खूश झालात तुम्ही! निकाल लागायच्या आधीच मला मिसळ खाऊ घातलीत. यादीत माझं नाव आलं. खिडकीतून बघणारे सर पुढे मला शिकवायला होते. शेवटच्या वर्षी धीर करून विचारलं की तेव्हा खाली काय बघत होता. आठवून म्हणाले, "स्कूटर. रोज कुणीतरी हवा सोडायचं तिची." आणि असल्या चेहऱ्यांवरून मी माझं भविष्य वाचायला निघाले होते.

तुमच्या त्या एका गोष्टीवर मी आजवर भाकरी खातेय, बाई. वाईट बातमी ऐकून दगडासारखे बसणारे नातेवाईक असोत, औषध समजावताना शून्यात बघणारी म्हातारी असो, मी पुरतं सांगते आणि थांबते. उशिरा का होईना, त्यांचं त्यांना कळतं. माझ्या घरातल्या कुणी मला एवढं दिलेलं नाही, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची वेळ आली ती उशिरा.

तुम्हाला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हा मी नोकरीत नवी होते. भोरला आले. तुम्ही खाटेवर होता, डोळे उघडे, चेहरा हलत नव्हता. माणूस ओळखता की नाही, घरच्यांना सांगता येत नव्हतं. मलाही, डॉक्टर असून. मी जवळ बसून सगळं सांगितलं. वेल्ह्याच्या दवाखान्यात लागले ते, झोळीतून आलेली पहिली बाळंतीण माझ्या हातून सुखरूप सुटली ते, आणि हे सगळं तुमच्यामुळे, ते. कुठेही न अडखळता, पुरतं. तोंड मिटलं. हात मांडीवर ठेवले.

हे पत्र टाकायला आता पत्ता उरलेला नाही, ते मला कळतं. पण एक सांगून टाकते. आता हूंची वाट न बघता उठायचं, असं तुम्ही शिकवलं होतं. मी उठले नाही. घरच्यांनी संध्याकाळचा दिवा लावला, माझी गाडी निघून गेली, आणि मी तुमच्या ओठांकडे बघत बसून राहिले.