कचऱ्याच्या कप्प्याची भिंत

३ मार्च
आले बाई एकदाची लेकीकडे, कायमची! शाळा माझी दुसरीपर्यंत, पण नातीनं नवी वही दिली, रोज लिही म्हणाली, म्हणून गिरवतेय. सात वर्षांची आहे, बोलते मात्र माझ्या आईसारखी; मी तिला ठकीच म्हणते. घर झकास. जिन्याखालच्या खोलीत जावईबापूंचं मोठं कॉम्प्युटर, पोटात तीन डिस्क. हौसेनं समजावलं त्यांनी. डिस्कला कप्पे पाडायचे, मी कपाटाला पाडते तसेच. पहिलीत मशीनचा स्वतःचा कारभार. दुसरीत घरच्यांचे कप्पे, ज्याचं त्याचं नाव घालून. माझ्याही नावाचा केला! रिकामाच आहे, पण काय मिरवलं मी. तिसरी अख्खी कचऱ्याला, मशीन दिवसभर जे खरडत बसतं त्याला.

५ मार्च
ठकीचे फोटो मावेनात. मी म्हटलं, कचऱ्याला कुणी अख्खी खोली देतं का? मधली भिंत पाडा, दुसरी नि तिसरी डिस्क एक करा. जावई म्हणाले, आई, कचरा तुंबला तर घरात येऊ नये म्हणूनच ती भिंत. पण सासूपुढे कुणाचं चालतंय! जोडल्या. जिंकले मी.

८ मार्च
मशीनखाली राखाडी चिकट काहीतरी. फडक्यानं पुसलं तर तार सुटली, शेंबडासारखी. आत केस. शी! आणि फोटोंत ठकीच्या दातांवर तेच.

१० मार्च
जेवता जेवता ठकीनं तोंडात बोट घातलं आणि केसांचा गुंता ओढू लागली. ओढतेय, ओढतेय — संपेना. लेक ओकली. डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. जावई सांगतात, कचरा तिच्या कप्प्यात शिरलाय. कप्प्यावर जिचं नाव, तिच्यात. पुसला की दुप्पट होतो.

११ मार्च
आता कानांतूनही. आंबूस वास. श्वास घरघरतो पोरीचा. माझीच वटवट नडली —
जावई म्हणाले, पुसता येत नाही, हलवता येईल. रिकामा कप्पा हवा. कुणी माझ्याकडे बघेना, तेव्हा कळलं.
हलवा म्हटलं.

१२ मार्च
ठकी पोटभर जेवली. हसली. दात कसे स्वच्छ, मोत्यासारखे —
माझ्या जिभेखाली काहीतरी. बुळबुळीत. ओढतेय —
जावयांना सांगितलं, आधी भिंत घाला. माझ्या कप्प्याला, चारी बाजूंनी. मी हाका मारल्या तरी —
वही चिकटतेय. पान सुट