दाजींच्या गाडीची दुसरी चावी

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी नमस्कार. (चरणी असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आत्ता तुम्ही समोर असता तर मी चरणांकडे न बघता थेट डोळ्यांकडे बघून बोललो असतो.) तुमचा रक्तदाब ताब्यात असावा, चष्म्यांचं दुकान नीट चालावं, ताईची पाठ दुखायची थांबावी, अशी रोज सकाळी देवासमोर बसून प्रार्थना करतो. हल्ली त्या प्रार्थनेत तुमचं नाव आलं की माझे दात आपोआप आवळले जातात. देव समजून घेतो. तुम्हीही घ्या.

विषय तुमच्या गाडीचा आहे. ‘तुमच्या’ असं मुद्दाम लिहितो, कारण पुढे कळेल. गाडी मला विकताना तुम्ही एक चावी माझ्या तळहातावर ठेवलीत. मी दुसरीचं विचारलं, तर म्हणालात, ‘अरे, ती कधीच हरवली. गाडी एक, चालवणारा एक, दुसरी चावी काय गळ्यात घालून मिरवायची आहे?’ सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा मला आज तुमच्यापेक्षा जास्त राग येतो. कागदांवरचं नाव बदलायचंही तेव्हाच राहिलं. ‘करू रे सावकाश, मी काय कुठे पळून जातोय?’ खरं आहे. पळून तुम्ही गेला नाहीत. तुम्ही फक्त पुन्हा आला नाहीत.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला फोनवरून माहीत आहेच. हाड जुळलं, पण पाय चालणं विसरला. त्याला शिकवायला व्यायामाच्या बाईंकडे नेमाने न्यावं लागतं. या बाई आवाजाने कडक आणि हाताने मऊ आहेत. त्यांनी बजावलंय, खंड पडला तर सांधा धरेल, आणि मग आईची उरलेली वाटचाल खुर्चीतूनच. माझी पाणी शुद्धीकरण केंद्रावरची पाळी सारखी बदलते, म्हणून आमची ही या वयात गाडी चालवायला शिकली. (शिकताना तिने फाटकाचा खांब पाडला. ते मी तुमच्या खात्यावर टाकत नाही.) सगळी व्यवस्था चोख. फक्त मी एके दिवशी बसने कामावर गेलो, आणि चावी माझ्या खिशात, खिसा माझ्या पँटला, आणि पँट गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाळणी-टाक्यांच्या काठावर. घरी परतलो तर आई बुटांच्या नाड्या बांधून, पर्स मांडीवर घेऊन तशीच बसलेली. म्हणाली, ‘असू दे रे, उद्या जाऊ.’ ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावत नाही, म्हणून तिच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने चावी यंत्रात धरली, किंचाळण्यासारखा आवाज झाला, आणि हुबेहूब तशीच दुसरी चावी माझ्या हातात आली. मनातल्या मनात देवाचे आभार मानले. (घाई झाली.) त्या चावीने गाडीचं दार उघडलं. चावी फिरलीसुद्धा. इंजिन जागं झालं, एक आचका दिला आणि मेलं. समोर एक लाल दिवा माझ्याकडे बघून डोळा मिचकावत राहिला. आयुष्यात माझ्याकडे बघून कोणी डोळा मिचकावला नाही, आणि मिचकावला तो या दिव्याने. चावीवाल्याकडे परत गेलो तर तो शांतपणे म्हणाला, ‘काका, चावीच्या डोक्यात चिप असते. गाडी त्या चिपला ओळखते. मी धातू कापतो, ओळखपाळख करून देत नाही.’ मग आधी का नाही सांगितलंस, असं मी ओरडलो. त्यावर, ‘तुम्ही चावी मागितलीत, चालू होणारी गाडी कुठे मागितलीत?’ दाजी, मी रस्त्यात उभं राहून देवाचं नाव घेतलं. शेजारच्या माणसाला ती शिवी वाटली, इतक्या जोरात.

मग मी कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. तिथे जमिनीत आपलं तोंड दिसतं, आणि माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून कागद मागितले, कागद बघितले, आणि हसू आत घेतलं. मालक कुठे आहेत? मी म्हटलं, मीच मालक. त्या म्हणाल्या, कागद तसं म्हणत नाहीत. मी म्हटलं, गाडी माझ्या दारात उभी असते, तिचा विमा मी भरतो, तिच्यात माझी आई बसते. त्या म्हणाल्या, चोराच्याही दारात गाडी उभी राहू शकते. (‘तुम्हाला नाही म्हणत हं’, असंही म्हणाल्या.) पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर केस कमी आणि कर्ज नाही, आणि तुमच्या ‘सावकाश’पायी चोर ठरता ठरता वाचलो. मूळ मालकांना आणा, म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांना आणणं सोपं असतं तर कागदांवर नाव कधीच माझं झालं असतं. त्यांना ते कळलं नाही. तुम्हाला कळेल.

म्हणून मी लॅपटॉपवाल्याला घरी बोलावलं. हा गृहस्थ गाडीच्या पोटात वायर खुपसतो आणि नव्या चावीची गाडीशी ओळख करून देतो. आल्या आल्या त्याने सांगितलं, घरातल्या सगळ्या चाव्या समोर ठेवा. आता इथे माझी बाजू नीट समजून घ्या. आमच्या केंद्रावर क्लोरीनच्या खोलीला दोन चाव्या आहेत, आणि त्या दोन्ही कधीही एका माणसाकडे, एका खिशात, एका टेबलावर ठेवायच्या नाहीत असा नियम आहे. एक हरवली, बुडाली, चोरीला गेली, तर दुसरी सुरक्षित पाहिजे. उभी नोकरी मी हा नियम पाळला. शिवाय अनोळखी माणसासमोर गाडीच्या सगळ्या चाव्या कोणी मांडतं का? म्हणून मी जुनी चावी मुद्दाम हिच्या पर्समध्ये घालून हिला शिवणवर्गाला पाठवून दिलं होतं. लॅपटॉपवाल्याला म्हटलं, ‘समोर आहे ती एवढीच.’ खोटं बोललो नाही. त्याने नवी चिप बसवली, बोटं चालवली, गाडी सुरू झाली. मी त्याला सरबत दिलं.

पुढच्या व्यायामाच्या दिवशी मी नवी चावी घेऊन कामावर. हिने आईला गाडीत बसवलं, जुनी चावी फिरवली, आणि गाडी मेली. जुनी, दाजी, अस्सल, तुमच्या हातची! आई पुन्हा बुटांसकट घरात. फोनवर मी लॅपटॉपवाल्याला जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तो आला, मी कामावर होतो, हिने जुनी चावी पुढे केली, त्याने ती चालू करून दिली. नवी कुठे आहे, असं त्याने विचारलं म्हणे. ही नियमाला धरून म्हणाली, ‘ती यांच्याकडे, कुलपात.’ (तिलाही मीच शिकवलेलं.) तो म्हणाला, ‘बघा बुवा.’ हे दोन शब्द माणसं नेमकी का वापरतात यावर मी नंतर बराच विचार केला. समोरच्याला सावध केल्याचं पुण्य मिळवायचं आणि सावध मात्र करायचं नाही, यासाठी ते असावेत.

त्यानंतरच्या वेळी मला सुट्टी होती. ही बाहेर, जुनी चावी तिच्याकडे. मी आईला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, नवी चावी फिरवली. आचका. लाल दिवा. डोळा. मी स्टिअरिंगवर मूठ मारली, तर हॉर्न वाजला आणि समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. आई शांतपणे म्हणाली, ‘अरे, हिला अजून जावईच आठवत असतील.’ मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘मलाही आठवतात. लेक पण आठवते.’ मी तिचा पट्टा सोडवला. बोललो असतो तर हॉर्नपेक्षा मोठा आवाज झाला असता.

शेवटी लॅपटॉपवाल्याला पुन्हा बोलावलं आणि रागारागात नियम मोडून दोन्ही चाव्या त्याच्या अंगावर फेकल्या. तेव्हा त्याने उलगडून सांगितलं. ही गाडी दर वेळी नव्याने हजेरी घेते. जी चावी समोर आहे तिचं नाव लिहिते, जी नाही तिचं खोडते. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी अगदी असेच होते. पण गुरुजी निदान दुसऱ्या दिवशी बापाला बोलावून नाव परत लिहायचे. या गाडीला तेवढीही माया नाही. आता दोन्ही चाव्या हजर होत्या, तर गाडीच हजेरी घेईना. वारंवार खाडाखोड झाल्याने तिने दप्तर बंद केलंय, आणि ते उघडायचा अधिकार फक्त शोरूमला आहे. लॅपटॉपवाल्याने हात जोडले आणि म्हणाला, ‘काका, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्या समोर ठेवा.’ मला राग आला तो त्याचं खरं होतं म्हणून. खोटं बोलणाऱ्यावर इतकं चिडता येत नाही.

तर आज परिस्थिती अशी. जुनी चावी एकटी चालते, नवी शोभेला आहे, मी कामावर जाताना ही माझे खिसे तपासते, आणि शोरूमला मूळ मालक हवेत. मूळ मालक म्हणजे तुम्ही. या सगळ्याचं मूळही तुम्हीच. तेव्हा दुकानाला कुलूप लावा आणि या. कुलपाच्या दोन्ही चाव्या मात्र एका खिशात ठेवू नका.

ताईकडे आशीर्वाद मागतो. तुमच्यावर राग आहे, तो आहेच, पण नमस्कारही खरा आहे.

तुमचा मेव्हणा

ता. क. येताना ओळखपत्र आणि ताई, दोन्ही आणा. शोरूमच्या नियमात मालकासोबत मालकीणही लागते. निदान चार दिवस लागतात. बाईंचं काम सावकाश असतं, आणि सावकाशीबद्दल तुमची काही तक्रार नसावी.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट बंद करणार तेवढ्यात मन खाऊ लागलं. खोटं लिहून सकाळी देवासमोर बसता येत नाही. शोरूमच्या बाईंचा कालच फोन आला होता. मालक येऊ शकत नसतील तर त्यांच्या सहीची चिठ्ठी आणि ओळखपत्राची प्रत टपालाने आली तरी चालते. मालकिणीचा नियम कुठेच नाही. पण फोन येण्याआधीच मी आईला बोलून बसलो होतो की दाजी आणि ताईला यावंच लागणार, गाडीचा कायदाच तसा आहे. तेव्हापासून ती रोज काठी भिंतीला टेकवून खोलीतून दारापर्यंत चालून बघते. व्यायामाच्या बाईंनी ओरडूनही जी पायरी तिने उतरली नव्हती, ती आज सकाळी उतरली, आणि धापा टाकत मला म्हणाली, ‘ती येईल तेव्हा मी दारात उभी पाहिजे, कोणी उचलून आणलेली नको.’ चिठ्ठी पाठवलीत तर मी ती फाडून टाकीन. चिठ्ठी चालते हे मी तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही फोनवर बोलू नका.