डब्यातलं पहिलं पान

मेदेयीन, ४ सप्टेंबर

ती. ओलिवामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी तू तो हातभर लांब धरून ओरडतेस, म्हणून हे पत्र जीपवाल्याच्या हाती देतेय. मी बरी आहे. वेळेवर जेवते. स्वेटर घालते. तू हे विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

कंपनीत महिना झाला. इथं कोणी साहेब नाही, आपण सगळे एक कुटुंब, असं आमचे साहेब सांगतात. नाव बाल्तासार किसेनो, पण सगळ्यांनी बाल्ता म्हणायचं. साहेब म्हटलं की त्यांना राग येतो, आणि तो राग अगदी साहेबासारखाच असतो. सकाळी गोल उभं राहून आज आपलं मन कोणत्या रंगाचं आहे ते सांगायचं. बाल्ता रोज पिवळे, म्हणजे आनंदी. मग आम्ही पंचवीस जणही पिवळे. एकदा मी चुकून करडा म्हणाले, तर माझी समजूत काढायला एक बाई आली. लोकांना खूश ठेवायचा तिला पगार मिळतो. बसायला खुर्च्या नाहीत, गाद्यांचे मोठाले गोळे आहेत, त्यातून उठायला दुसऱ्याचा हात लागतो. काम पुरं झालं की घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या. माझं काम प्रोग्राममधल्या चुका शोधायचं, त्यामुळे मला येताना पाहिलं की लोक घंटेवरचा हात काढतात. शुक्रवारी पाच ते सात बैठक असते. ज्याला वाटेल त्याने यावं म्हणतात, पण न आलेल्यांची यादी होते. आपल्या घरी मामा जेवायला आला नाही म्हणून कधी यादी केली होती का कोणी? माझं दार सदैव उघडं आहे, असंही बाल्ता सांगतात. खोटं नाही ते. त्यांच्या खोलीला दारच नाही, आणि आत तेही नसतात. पण खरं सांगू का मावशी, हा माणूस मुळात

वाईट नाही. घाबरलेला आहे. दुपारी सगळे जेवायला खाली गेले की हा एकटाच वर बसून आम्ही दिलेले अभिप्राय वाचतो. सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलेलं असतं. मीही तेच लिहिलं. आपल्याला कोणी खरं सांगत नाही हे त्याला कळतं, पण काय करावं ते कळत नाही, असं त्याच्या तोंडावर दिसतं. मला त्या माणसाची कीव येते गं.

आता कामाचं. सप्टेंबर लागला, गुप्तमित्राचा खेळ सुरू झाला. चिठ्ठीत मला कोण निघावं? बाल्ताच! महिनाभर नाव न सांगता त्यांच्या टेबलावर गोड ठेवायचं, आणि २९ तारखेला उभं राहून नाव सांगायचं. नेमकी त्याच दिवशी माझी दोन महिन्यांची परीक्षा संपते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते तेच ठरवणार. मला राहायचंय मावशी. चुका शोधायचं काम मला मनापासून आवडतं. तेव्हा तुझ्या हातच्या, दूध आटवून केलेल्या पानेलितांचा, त्या गुळाच्या वड्यांचा, एक डबा पाठव.

तुझा लोभ आहेच. त्यात या वेळी थोडा गूळ जास्त घाल.

तुझी,
योहाना


एल रोब्लाल, १० सप्टेंबर

चि. योहानास,
अनेक आशीर्वाद.

पत्राची तिन्ही पानं पोचली. पांढरी गाय व्याली. माझा गुडघा तसाच आहे. मनाचा रंग मला अजून कोणी विचारला नाही, विचारू दे, मग सांगते.

तू करडा म्हणालीस ते बरं केलंस. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी झालीस ना? तुझ्या आईचंच वळण.

डबा पाठवलाय. दोरीने बांधलाय, वाटेत सोडू नकोस, मी तुला ओळखून आहे. तो माझ्या आईचा डबा आहे, परत हवा. म्हणून बुडाला माझं नाव आणि पत्ता चिकटवलाय. तुझं नाव कुठं नाही. आत घालायचा कागद संपला होता, हाताला लागलं ते घातलं.

अशीच माया ठेव आणि पोटभर जेव.

तुझी मावशी,
ओलिवा


मेदेयीन, १५ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अगं मावशी, काय केलंस हे! हाताला लागलं ते म्हणजे माझं पत्र?

तुझा डबा काल न सोडताच गुपचूप त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि आज सकाळी बाल्ता गोलात आले ते खिशात निळ्या रेघांचा कागद घेऊन. कागदाला पानेलितेचा चिकटा लागलेला. मी लांबूनच ओळखलं. चुका शोधायला आम्ही चौघी एकदमच लागलो, चौघीही एकेकदा चुकून करडा म्हणून बसलो, आणि इथं हाताने कोणी लिहीत नाही म्हणून अक्षरही ओळखता आलं नाही, एवढंच नशीब. त्यांनी विचारलं, ओलिवा नावाची मावशी कुणाला आहे? कोणालाच नव्हती. मलाही नव्हती. मावशी, मला क्षमा कर, मी पंचवीस माणसांसमोर तुला नाकारलं.

मग त्यांनी स्वतःचा रंग सांगितलाच नाही. आता आपण कोणता सांगायचा ते कुणाला कळेना.

२९ला उठून नाव सांगायचंय. डबा ज्याचा, कागद त्याचा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. माझी नोकरी गेली म्हणून समज. मी सामान बांधायला घेतलंय. तुझ्यावर फार रागावलेय.

रागावलेली, तरी तुझीच,
योहाना


मेदेयीन, १८ सप्टेंबर

आदरणीय ओलिवाबाईंस,
सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. पत्ता डब्याच्या बुडावरून घेतला. पानेलिता अप्रतिम होत्या.

सहा वर्षं मी लोकांना मोकळेपणाने बोला म्हणून सांगतोय. दर महिन्याला अभिप्राय मागवतो, आणि दर महिन्याला सगळं 'उत्तम' येतं. आपल्या डब्यातलं पान मी नऊ वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा संतापलो. चौथ्या वेळी गाद्यांपाशी आलो आणि हसू आवरेना, कारण मीही गेलं वर्षभर त्यातून उठताना कोणी बघत नाही ना, ते आधी बघून घेतो.

पण बाई, ते पान 'हा माणूस मुळात' इथं संपतं! मुळात काय? मूर्ख? लबाड? चार दिवस जेवण गोड लागत नाही. कृपा करून पुढचं पान पाठवावं, आणि लिहिणारी कोण तेही कळवावं.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बाल्तासार किसेनो


एल रोब्लाल, २२ सप्टेंबर

चि. बाल्तासारास,
आशीर्वाद.

तुमच्यात कोणी साहेब नाही असं कळलं, म्हणून अरे-तुरे करते.

नाव सांगणार नाही. पुढचं पान माझ्याकडे आहे. २९ला तुझा गुप्तमित्र ते बंद पाकिटातून तुझ्या हातात देईल. त्याच्या आदल्या दिवशी, ज्यांना ठेवायचं आणि ज्यांना काढायचं त्यांचे कागद सही करून मोकळा हो. नुसतं काम बघून ठरव. नाव कळल्यावर ठरवलंस तर रागावून काढलं की घाबरून ठेवलं, हे तुझं तुलाच जन्मभर कळणार नाही.

चार दिवस जेवला नाहीस हे वाचून वाईट वाटलं. दुपारी खाली जाऊन चारचौघांत जेवत जा.

आणि एक. कागद संपला होता, असं मी पोरीला सांगितलंय. तूही तेच सांग. माझ्याकडे अख्खी गुंडाळी पडलीय.

डबा मात्र धुऊन पाठव.

ओलिवा


मेदेयीन, ३० सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, मी कायम झाले! माझ्या कागदावर सही २८ तारखेची आहे. शेरा लिहिलाय की ही चुका सोडत नाही, हिला सोडू नये. तो मी सात वेळा वाचला आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले.

मग नावं सांगायची वेळ आली. माझी पाळी आल्यावर मी उठले, म्हणजे त्या गादीतून दोघांनी मला ओढून काढलं, आणि तू पाठवलेलं पाकीट बाल्तांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हणाले, माझा आज करडा, बहुधा सहा वर्षांपासून करडाच. ती खूश ठेवणारी बाई लगबगीने समजूत काढायला निघाली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. मग एक म्हणाला, माझी दाढ मंगळवारपासून ठणकतेय. एकीला गावाची आठवण येत होती. पिवळी एकटीच निघाली, ती त्या बाईची मदतनीस. शुक्रवारची बैठक बंद झाली. काल पाच वाजता मी उन्हात घरी आले गं, उन्हात!

निघताना बाल्ता मला मुद्दाम गाठून म्हणाले, तुझ्या मावशीकडचा कागद संपला होता बरं का. तो कागद, मावशी, जुलैमध्ये मीच तुला आणून दिला होता. अख्खी गुंडाळी.

राग गेला. तुझी माया अशीच राहू दे, आगाऊपणासकट.

तुझी,
योहाना

ता. क. हे वेगळ्या कागदावर लिहितेय. सोमवारी गाद्या जाणार, खुर्च्या येणार. पण घंटा अजून वाजते, आणि तिच्यापायी माझं डोकं उठतं. डबा धुऊन सोबत पाठवलाय. पुन्हा भरून बाल्तांना पाठवशील तेव्हा कागद संपला तर हेच पान घाल. वरच ठेव.